सुभेदारसाहेबांची मुलाखत घ्यायचीय, अवघड प्रश्न विचारायचा कसा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, थोडी मदत पाहिजे आणि जरा लवकर पाहिजे, रेकॉर्डिंग रविवारी आहे.

मी साताऱ्याकडचा. आमच्या तालुक्याला एक लोकल केबल चॅनेल आहे, सकाळी आरती, दुपारी साडीच्या दुकानांच्या जाहिराती आणि संध्याकाळी गावच्या बातम्या, असला सगळा कारभार. मी तिथं हौसेनं जातो, पोटाला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. गणपतीत आम्ही पाच मुलाखती दाखवतो आणि यंदा त्यातली एक माझ्या गळ्यात पडलीय. पाहुणे आमच्याच भागातले निवृत्त सुभेदार, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतनं काँगोला होते, गोमा शहरात, आणि तेही नेमकं २०१२ साली.

आता माझा पूर्वेतिहास सांगतो म्हणजे तुम्हाला रोग कळंल. गेल्या वर्षी मी एका स्थानिक पुढाऱ्याची मुलाखत घेतली. पहिला प्रश्न असा: "साहेब, आपण अगदी लहान वयात सार्वजनिक जीवनात आलात, घरची परिस्थिती बेताची, वडिलांचं छत्र हरपलेलं, तरीपण आपण जिद्दीनं शिक्षण पूर्ण केलंत, कारखान्याची निवडणूक लढवलीत, पडलात, परत उभे राहिलात, तर हा सगळा प्रवास संघर्षाचा होता असं म्हणता येईल का?" साहेब म्हणाले, "हो." आणि चहाकडं बघायला लागले. अर्धा तास भरायचा होता, माझे सगळे प्रश्न अकरा मिनिटांत संपले, मग घाबरून मी त्यांना आवडता पदार्थ विचारला. गावात अजून काही जण मला पिठलं-भाकरी म्हणूनच हाक मारतात.

तर यंदाची अडचण. २० नोव्हेंबर २०१२ ला एम-२३ नावाच्या बंडखोरांनी गोमा घेतलं. शहरात तेव्हा शांतिसेनेचे साधारण दीड हजार सैनिक होते आणि त्या भागातली ब्रिगेड आपली, भारताची. बंडखोर चालत आत आले आणि शांतिसेनेनं अडवलं नाही, यावर जगभर टीका झाली. हे न विचारता काँगोची मुलाखत घ्यायची म्हणजे पावसाळ्यात महाबळेश्वरला जाऊन पावसाचं नावच न काढण्यासारखं आहे. पण आबा (त्यांना आम्ही आबाच म्हणतो) माझ्या वडिलांचे दोस्त, दिसले की मी पाया पडतो. त्यांना कॅमेऱ्यासमोर "तुम्ही बघत का बसलात" कसं विचारू?

दुसरं, नमुना म्हणून कुठल्या मुलाखती बघू? तीनच संध्याकाळी हातात आहेत आणि इथलं नेट म्हणजे तुम्हाला माहितीच आहे.

---

तर्कट

सर्वात आधी काय बघायचं नाही ते सांगतो. रात्री नऊ वाजता नऊ खिडक्यांत नऊ माणसं एकदम ओरडतात ती मुलाखत नव्हे, ते एसटी स्टँड आहे.

बघायचीच तर फ्रॉस्ट-निक्सन बघ, १९७७. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष निक्सनने ७४ ला वॉटरगेटवरून (विरोधी पक्षाच्या ऑफिसातली घुसखोरी आणि ती दडपणं) राजीनामा दिला, नंतर अडीच-पावणेतीन वर्षं वॉटरगेटवर चकार शब्द नाही, आणि मग त्याला बोलतं कुणी केलं तर डेव्हिड फ्रॉस्ट नावाच्या इंग्रज माणसाने, ज्याला तोवर लोक हलक्याफुलक्या कार्यक्रमांचा माणूस समजायचे. कॅलिफोर्नियात एका घरात बारा दिवस बसून जवळपास २९ तास रेकॉर्डिंग केलं आणि त्यातले चार भाग मे महिन्यात दाखवले. पहिला भाग अमेरिकेत साडेचार कोटी लोकांनी बघितला.

तुझ्या कामाची गोष्ट ऐक. फ्रॉस्टने पहिल्याच दिवशी विचारलं की स्वतःच्या ऑफिसातल्या बोलण्याच्या त्या टेप तुम्ही जाळून का टाकल्या नाहीत. प्रश्न चांगला पण मोकळा सोडलेला, निक्सन मुरलेला वकील, तो जे बोलत सुटला ते थांबेचना. म्हणजे तुझ्या पुढाऱ्याने "हो" म्हणून तुला मारलं आणि निक्सनने पाल्हाळ लावून फ्रॉस्टला मारलं, रोग एकच, प्रश्नावर पकड नाही. पुढे वॉटरगेटच्या सत्रापर्यंत फ्रॉस्टची पकड आली ती कशामुळे, तर जेम्स रेस्टन नावाच्या त्याच्या संशोधकाने टेपचे असे उतारे शोधून आणले होते जे निक्सनच्या लोकांना अपेक्षितच नव्हते. त्या दिवशी फ्रॉस्टकडे तारखा होत्या, वाक्यं होती. पाल्हाळ लावायला जागाच उरली नाही.

"राष्ट्राध्यक्षाने केलं म्हणजे ते बेकायदेशीर नसतं" हे निक्सनचं वाक्य याच मुलाखतींमधलं.

---

नानबा

तर्कट, पैसे दिले होते ते पण सांग की. ६ लाख डॉलर आणि वर नफ्यात २० टक्के. अमेरिकेतल्या मोठ्या नेटवर्कांनी तेवढ्यावरूनच हात वर केले होते, पैसे मोजून बातमी घेणार नाही म्हणून, मग फ्रॉस्टने स्वतः पैसे उभे करून एकेका स्टेशनला कार्यक्रम विकला. आणि कृष्णाकाठ, त्यावरचा सिनेमा बघून तयारी करू नकोस, त्यात निक्सन रात्री दारू पिऊन फोन करतो तो प्रसंग लेखकाच्या डोक्यातला आहे, तसं काही झालं नव्हतं. मूळ टेप बघ.

---

तर्कट

दिले पैसे. आबांना पण नारळ आणि शाल देणारच आहेत ना.

---

वरळीचा_निवृत्त

कृष्णाकाठ, मी मुंबई दूरदर्शनला फ्लोअरवर होतो बरीच वर्षं, आता घरी बसून नातवाला सांभाळतो. मोठ्या मुलाखतींबद्दल बाकीचे सांगतीलच, मी हमालीचं सांगतो, कारण मुलाखत पडते ती बऱ्याचदा हमालीतच.

तुमच्याकडे कॅमेरे किती? एकच असेल तर तो पूर्ण वेळ आबांवर ठेवा. तुमचे प्रश्न नुसते आवाजात आले तरी चालतात. मुलाखत संपली की आबांना चहा प्यायला पाठवा आणि मग कॅमेरा फिरवून स्वतःवर घ्या, तेच प्रश्न पुन्हा विचारा रिकाम्या खुर्चीकडे बघून, आणि दोन-तीन मिनिटं नुसती मान हलवल्याचे शॉट घ्या. त्याला आम्ही नॉडी म्हणायचो. रिकाम्या खुर्चीकडे बघून गंभीरपणे मान हलवताना माणूस जो वेडा दिसतो तो दिसतो, सगळा स्टाफ हसत असतो, पण एडिटला जोड लपवायला दुसरं काही हाताशी नसतं. एक पथ्य मात्र पाळायचं, नॉडी घेताना प्रश्न बदलायचा नाही. समोर बसला होता तेव्हा मवाळ विचारला आणि मागाहून खुर्चीला कडक विचारला, ही चोरी आहे. असले प्रकार करणारे असतात.

आबांची नजर तुमच्यावर राहिली पाहिजे, म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी लागून बसा. लांब बसलात तर आबांचा नुसता कान दिसेल अर्धा तास.

माइक छातीवर लावताना शाल, उपरणं, पदकं बघा. पदकं माइकला घासतात आणि तो किणकिण आवाज नंतर काही केल्या जात नाही.

पाहुणा येण्याआधी गप्पा मारायच्या पण विषयावर नाही. बाहेर ओसरीवर सगळं सांगून झालं की आत दिवे लागल्यावर माणूस "मघाशी म्हटलं तसं" म्हणून सुरुवात करतो, आणि ते मघाशीचं काही प्रेक्षकाने ऐकलेलं नसतं. हे मी शंभर वेळा बघितलंय. त्यांना शेतात पाऊस किती झाला विचारा, ऊस कुठवर आलाय विचारा.

आणि टीव्हीवरच्या मुलाखतीचा वारसा आपल्याकडे काही कमी नाही. दिल्लीत दूरदर्शन नवं नवं असताना पंडित नेहरूंची मुलाखत घ्यायला बसले होते ते पु. ल. देशपांडे. पुलं काय नेहरूंना घाम फोडायला बसले नसतील, पण समोरचा माणूस मोकळा करणं ही पण एक विद्याच आहे, आणि तुम्हाला आबांसाठी तीच आधी लागणार आहे.

---

स्लाउकर

मी बावीस वर्षं इंग्लंडात, रात्री जेवण झाल्यावर बीबीसीचा बातम्यांचा कार्यक्रम न्यूजनाइट बघायची सवय लागली ती लागलीच. दोन सांगतो.

एक, न्यूजनाइटचा पॅक्समन आणि राजकारणी मायकेल हॉवर्ड, मे १९९७. हॉवर्ड आधी गृहमंत्री होते, तुरुंग खात्याच्या प्रमुखाशी, डेरेक लुइसशी, त्यांचं वाजलं होतं. पॅक्समनचा प्रश्न एवढाच, तुम्ही त्याचा निर्णय फिरवायची धमकी दिली होती का? हॉवर्ड म्हणाले, मला कशाचा अधिकार होता आणि कशाचा नव्हता ते मी सांगतो. पॅक्समन पुन्हा तेच, धमकी दिली होती का? असं डझनभर वेळा, कुणी बारा मोजतं कुणी चौदा. आवाज चढवला नाही, शिवी नाही, फक्त तोच प्रश्न, जवळपास त्याच शब्दांत. हे इथे दंतकथा झालंय. आणि गंमत अशी की पॅक्समनने नंतर सांगितलं की पुढच्या आयटमची टेप तयार नव्हती, कानात सांगितलं की वेळ काढ, दुसरा प्रश्न सुचेना म्हणून तोच विचारत राहिला! तेव्हा अकरा मिनिटांत प्रश्न संपले म्हणून रडू नकोस भावा, पॅक्समनचे पण संपले होते, फक्त त्याने पिठलं-भाकरी नाही विचारली.

दोन, न्यूजनाइटचीच एमिली मेटलिस आणि प्रिन्स अँड्र्यू, नोव्हेंबर २०१९, विषय एपस्टीन प्रकरणातले त्यांच्यावरचे आरोप. बकिंगहॅम पॅलेसमध्ये, त्यांच्याच घरात, त्यांच्याच आईच्या राजवाड्यात. ही मात्र तू पूर्ण बघच. बाई एकदाही चिडत नाही. सौम्य आवाजात तारीख विचारते, कुठे होतात विचारते, आणि तो गृहस्थ आपणहून सांगतो की त्या दिवशी मुलीला वोकिंगच्या पिझ्झा एक्सप्रेसमध्ये घेऊन गेलो होतो, आणि मला त्या काळात घामच येत नसे. ती मध्ये तोडत नाही. तुम्ही आम्ही असतो तर घामाचं ऐकून हसलो असतो किंवा "काय सांगताय!" म्हटलं असतं आणि तो सावध झाला असता. तिने खड्डा खणायला फावडं देऊन बाजूला उभं राहायचं ठरवलं होतं बहुतेक. शनिवारी दाखवलं, बुधवारी त्यांनी सार्वजनिक कामातून अंग काढून घेतलं. आणि टीमनेच नंतर सांगितलंय की मुलाखत संपल्यावर साहेब खूश होते, झकास झाली असं त्यांना वाटत होतं.

---

कृष्णाकाठ

धन्यवाद सगळ्यांना, वरळीकर काका तुमचं तर प्रिंट काढून कॅमेरावाल्या पोराला दिलं. कॅमेरे दोन आहेत पण एकाची बॅटरी वीस मिनिटांत बसते.

पण एक बोलू का, ह्या सगळ्या मुलाखती गुन्हेगार पकडल्यासारख्या आहेत. निक्सन, अँड्र्यू. आबांनी काय गुन्हा नाही केलेला. मला त्यांना उघडं पाडायचं नाही, मला फक्त त्या दिवशी काय झालं ते त्यांच्या तोंडून पाहिजे.

---

मीच_ती

हेच लिहायला आले होते. फ्रॉस्ट आणि पॅक्समन सोडा जरा वेळ, जॉन फ्रीमन बघा. बीबीसीवर १९५९ ते ६२ "फेस टू फेस" नावाचा कार्यक्रम होता. त्यात फ्रीमनचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही, दिसला तर खांदा नाहीतर डोक्याची मागची बाजू, सिगारेटचा धूर. कॅमेरा पूर्ण वेळ पाहुण्याच्या चेहऱ्यावर, इतका जवळ की सुरकुत्या मोजाव्यात. काळं-पांढरं, बोलताना मागे संगीत नाही, टाळ्या नाहीत. त्यात मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगची मुलाखत आहे, स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या घरी घेतलेली, तेव्हा त्याने ऐंशी ओलांडलेली. फ्रीमन विचारतो, तुम्ही देव मानता का? युंग जरा थांबतो, म्हणतो उत्तर द्यायला अवघड आहे, आणि मग म्हणतो, मला मानायची गरज नाही, मला माहीत आहे. माझ्या मते ते थांबणं बघण्यासाठी अख्खी मुलाखत बघावी. आजचा कुठलाही अँकर त्या तेवढ्या वेळात "म्हणजे तुम्ही नास्तिक आहात असं आम्ही समजायचं का?" म्हणून मोकळा झाला असता.

(हाच फ्रीमन पुढे १९६५ ते ६८ दिल्लीत ब्रिटनचा उच्चायुक्त होता, म्हणजे प्रश्न विचारायचं सोडून उत्तरं टाळायच्या धंद्यात गेला.)

पण फ्रीमनची दुसरी बाजू पण बघा, कारण कृष्णाकाठ तुम्हाला ती जास्त उपयोगी पडेल. १९६० मध्ये त्याने गिल्बर्ट हार्डिंग नावाच्या टीव्हीवरच्या माणसाला घेतलं होतं, तिरसट म्हणून प्रसिद्ध. बोलता बोलता विचारलं, मरणाऱ्या माणसाजवळ कधी होतात का? हार्डिंगची आई गेलेली, तो तिथेच कॅमेऱ्यासमोर कोसळला, डोळे भरले, आवाज गेला. कॅमेरा हलला नाही. दोनेक महिन्यांत हार्डिंग स्वतःच गेला. फ्रीमनला त्या प्रश्नाचं नंतर वाईट वाटत राहिलं. लोक त्या मुलाखतीला महान म्हणतात, मला ती बघवत नाही. आबांच्या तुकडीतलं कोणी गेलं असेल, जखमी झालं असेल, तर ते आधी घरी जाऊन विचारून ठेवा, वरळीचे काका म्हणतात ते ओसरीवर बोलू नका वगैरे बरोबर आहे, पण जखम कुठे आहे हे माहीत नसताना बोट घालू नये.

---

तर्कट

मऊ मुलाखतीला मान देऊ नका एवढा. मऊ मुलाखती आपल्याकडे पोत्याने आहेत, "आपला आतापर्यंतचा प्रवास" या तीन शब्दांवर अख्खी इंडस्ट्री उभी आहे. पक्षाच्या पेपरात पक्षाचाच संपादक पक्षाच्याच नेत्याला प्रश्न विचारतो आणि तीन दिवस तीन भागांत छापून येतं. आपल्याकडे कडक मुलाखत टिकत नाही कारण पाहुणा उठून जातो. पत्रकार करण थापरकडे बघा, २००४ ला जयललितांनी तोंडावर सांगितलं की तुमच्याशी बोलून आनंद झाला नाही, नमस्ते. २००७ ला मोदींनी तीन मिनिटांत पाणी मागितलं, माइक काढला आणि संपलं. २००० साली कपिल देव रडला ती पण थापरचीच.

---

नानबा

उठून गेले तर मिळालं काय? तीन मिनिटं. थापरच्या प्रश्नांवर मी काही बोलत नाही पण घोडा पाण्यापर्यंत आलाच नाही तर पाजणार काय?

---

मॉडरेटर

इथून पुढे कुठल्याही पक्षावर घसरू नका, धागा मुलाखतींचा आहे. चार प्रतिसाद उडवले आहेत.

---

स्लाउकर

कृष्णाकाठ, तुझ्या मूळ प्रश्नाला उत्तर देणारी एक जुनी मुलाखत आठवली. नोव्हेंबर १९७९, इराणमध्ये अमेरिकन वकिलातीतली माणसं ओलीस आहेत, आणि अमेरिकेच्या सिक्स्टी मिनिट्स या टीव्ही कार्यक्रमाचा माइक वॉलेस कोमला जाऊन खोमेनींसमोर जमिनीवर बसलाय. त्याला विचारायचंय की जग तुम्हाला वेडा समजतं, त्याचं काय? असं थेट कसं म्हणणार, जिवंत परत जायचंय. मग तो म्हणतो, इजिप्तचे अध्यक्ष सादात, जे स्वतः धार्मिक मुसलमान आहेत, ते तुम्हाला वेडा म्हणतात, माफ करा इमाम, हे शब्द त्यांचे, माझे नव्हेत. दुभाष्याचा चेहरा बघ तेव्हाचा, भाषांतर करायची त्याची छातीच होत नाही. पण खोमेनींनी उत्तर दिलं, शांतपणे दिलं, आणि सादातलाच मुसलमान मानायला नकार दिला.

अवघड प्रश्न दुसऱ्याच्या तोंडात घालायचा. "आबा, तेव्हा जगभरचे पेपर असं म्हणत होते" असं. शब्द पेपरचे, तुझे नव्हेत.

---

सैनिकाची_लेक

इतका वेळ नुसती वाचत होते पण आता राहवत नाही. माझे वडील पण शांतिसेनेत होते, दुसऱ्या देशात, निळं हेल्मेट अजून माळ्यावर आहे. स्लाउकरदादांची युक्ती चांगली आहे पण आबांसारख्या माणसाला ती लागू होणार नाही असं मला वाटतं. पेपरवाले म्हणत होते म्हटलं की फौजी माणूस आखडतो, पेपरवाल्यांना काय कळतंय म्हणेल आणि विषय तिथेच मिटेल.

तुमचा प्रश्नच चुकलाय म्हणून तो अवघड वाटतोय. "तुम्ही बघत का बसलात" हा सुभेदाराला विचारायचा प्रश्न नाहीच. कुणी गोळी झाडायची, कुणावर, कधी, हे न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत लिहून येतं. काँगोत मुख्य लढायचं काम काँगोच्या सरकारी सैन्याचं होतं, शांतिसेनेने त्याला मदत करायची आणि नागरिकांना जपायचं. ते सरकारी सैन्यच गोमा सोडून निघून गेलं. मग ज्याला मदत करायची तोच नाही, भरवस्तीच्या शहरात रस्त्यावर तोफा चालवायच्या का, हा प्रश्न होता. बंडखोर अकरा-बारा दिवसांनी परत गेले. आणि त्या नामुष्कीनंतर पुढच्या वर्षी, मार्च २०१३ मध्ये, सुरक्षा परिषदेने ठराव केला, २०९८ नंबरचा, आणि थेट हल्ला करायची मुभा असलेली वेगळी ब्रिगेड उभी केली, दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मालावीच्या सैनिकांची. म्हणजे आधी तशी स्वतंत्र फौज नव्हती हे सुरक्षा परिषदेने जवळपास मान्यच केलं. एवढं तुम्हाला पाठ पाहिजे, आबांना पकडायला नाही, तर आबांना तुम्ही वाचून आलाय हे कळायला. फौजी माणूस तयारीला मान देतो. माझे वडील बातम्यांवाल्यांशी बोलायचे नाहीत पण एकदा एका पोराने त्यांना त्यांच्या कॅम्पचं नाव बरोबर उच्चारून दाखवलं तर त्याच्याशी दोन तास बोलत बसले, जेवायलाच ठेवून घेतलं.

मग प्रश्न असे विचारा. वीस नोव्हेंबरला सकाळी तुम्ही कुठं उभे होतात? तिथून काय दिसत होतं? आदल्या रात्री झोपलात का? हुकूम काय आला होता? तो हुकूम ऐकून तुमच्या पोरांनी तुमच्याकडे बघितलं तेव्हा तुम्ही त्यांना काय म्हणालात? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे कारण सुभेदार म्हणजे मधला माणूस, वर अधिकारी, खाली जवान, हुकूम वरून येतो आणि खालचे डोळे त्याच्याकडे बघतात. हे कुठल्या परदेशी चॅनेलने विचारलेलं नाही, कारण ते कर्नल आणि जनरललाच विचारतात.

आणि आधी जाऊन सांगा की मी गोमाचं विचारणार आहे. प्रश्न देऊ नका, विषय सांगा. काही गोष्टी ते निवृत्तीनंतरही बोलणार नाहीत, तो हक्क त्यांचा. "यावर मी बोलणार नाही" असं ते म्हणाले तर ते वाक्य कापू नका, तसंच दाखवा.

---

वरळीचा_निवृत्त

या बाईंना आमच्या काळी निर्मातीच केली असती. कृष्णाकाठ, वरचे पाच प्रश्न एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, एका ओळीत एक, आणि कागद मांडीवर उलटा ठेवा. अडकलात तरच बघायचा. नजर कागदात गेली की पाहुण्याची नजर भिंतीवरच्या घड्याळात जाते.

आणि एक राहिलं. प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. मनात दहा आकडे मोजा. समोरचा माणूस चारला बोलायला लागतो, कारण शांतता त्यालाही बोचते. तुम्ही तीनला तोंड उघडता म्हणून "हो" ऐकायला मिळतं.

---

नानबा

एवढ्यावर माझं एकच. पहिला प्रश्न गोमाच्या रस्त्यांबद्दल विचार. ज्वालामुखीच्या काळ्या दगडांवर वसलेलं शहर आहे ते, २००२ ला लाव्हा थेट शहरातनं वाहिला होता, आणि तिथले लोक चुकुडू नावाची लाकडी गाडी वापरतात, दोन चाकांची, मोठ्या स्कूटरसारखी, पोतीच्या पोती लादून उतारावरून सोडतात. साताऱ्याचा माणूस चुकुडूबद्दल हातवारे करून बोलायला लागला की पुढचं सोपं जाईल.

---

कृष्णाकाठ

झालं रेकॉर्डिंग. लगेच लिहायला बसलोय, हात अजून थरथरतायत.

शुक्रवारी घरी जाऊन सांगितलं होतं की आबा गोमाचं विचारणार. ते म्हणाले, "विचार की. इतकी वर्षं झाली, कुणी विचारलंच नाही." काकू म्हणाल्या घरी पण कधी बोलले नाहीत.

नानबा, चुकुडूचा प्रश्न जमला. आबा खुर्चीतनं उठलेच, हँडल कसं धरतात ते दाखवायला, माइकची वायर ताणली गेली, वरळीकर काका तुम्ही पदकांचं सांगितलेलं म्हणून ती आधीच काढून टेबलावर ठेवली होती, बरं झालं. ताई, तुमचे पाचही विचारले. सकाळी कुठं होतात, याला त्यांनी बोटानं मांडीवर नकाशाच काढला, इथं विमानतळ, इथं तळं, इथं आम्ही. शेवटचा विचारला, पोरांनी तुमच्याकडं बघितलं तेव्हा काय म्हणालात, आणि गप्प बसलो. आकडे मोजत होतो. चारला नाही बोलले काका. सातला पण नाही. मला वाटलं आता पिठलं-भाकरी येतंय तोंडात. अकराला बोलले. गेटबाहेर गाद्या, भांडी, लहान पोरं घेऊन बसलेल्या माणसांबद्दल बोलले, पोरांना काय म्हणालो ते नाही सांगितलं. मग म्हणाले, "ते राहू दे." मी राहू दिलं. ताई म्हणाल्या तसं कापणार नाही.

उपप्रश्न एकच सुचला, तो पण कागदावर नव्हता. विचारलं, आबा, २०२५ च्या जानेवारीत गोमा परत त्याच बंडखोरांनी घेतलं, तेव्हा टीव्ही बघितला का? म्हणाले बघितला, आवाज बंद करून.

आता घोळ सांगतो. ते जे अकरा सेकंद आहेत ना, त्यात मागं पंखा ऐकू येतोय. खटक, खटक, खटक. उकडत होतं म्हणून काकूंनी लावला आणि आमच्यातल्या कुणाच्या लक्षातच आलं नाही. काका, हे काढता येतं का हो एडिटला?

---

वरळीचा_निवृत्त

थोडा कमी करता येईल, पूर्ण जायचा नाही. फार घासून काढाल तर आबांचा आवाज डब्यातनं आल्यासारखा होईल. मी असतो तर राहू दिला असता. नॉडी घेतल्या का?

---

कृष्णाकाठ

राहिल्या.